डीईएफ डिझेलमध्ये मिसळायचे नसते

एका लेखात डीईएफचा (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डिझेल गाड्यांच्या धुरातील प्रदूषण कमी करणारे द्रव) उल्लेख ‘डिझेलमध्ये मिसळायचे द्रव्य’ असा झाला आहे, तो दुरुस्त व्हावा. हे द्रव इंधनाच्या टाकीत कधीही जाता कामा नये. त्याची टाकी वेगळी, बहुधा निळ्या झाकणाची असते आणि तेथून ते इंजिनाबाहेर पडणाऱ्या तप्त धुरात फवारले जाते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व उरलेले क्षारविरहित पाणी असते. उष्णतेने युरियापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्याच्या वाफेत करतो.

शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून पैसे वाचवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मात्र निव्वळ आत्मघातकी आहे, कारण त्या खतावरील कडुनिंबाच्या तेलाचा लेप आणि पाण्यातील क्षार यांमुळे महागडा उत्प्रेरक निकामी होऊ शकतो; शिवाय अनुदानित खत असे वळवणे बेकायदेशीर आहे, हे वेगळेच.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासंबंधीचे भारत स्टेज ६ हे प्रदूषण निकष लागू झाले, तरी प्रत्येक डिझेल मोटारीला डीईएफ लागतेच असे नाही. ज्यांना लागते, त्यांपैकी अनेक गाड्या टाकी कोरडी पडल्यावर इंजिन पुन्हा सुरूच होऊ देत नाहीत.