वॉकरमुळे बाळ लवकर चालत नाही
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय, की वॉकरमध्ये बसवलं की बाळ लवकर चालायला लागतं. हे खरं नाही. वॉकरमध्ये बाळ चवड्यांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायला शिकतच नाही. जिन्यावरून पडण्याचा धोका वेगळाच! कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. (आजीच्या वेळचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो बाळ उभं राहून ढकलतं.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागली. माझी लेक चौदाव्या महिन्यात पलंगाची कड सोडून दोन पावलं आली, धपकन बसली, पुन्हा उठली. १८ महिने उलटूनही बाळ चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.