नळ नसलेलं बेसिन

रॉबर्ट गोबर या अमेरिकन शिल्पकाराचं काम पाहिलं की लोक थेट प्रतीकांवर उडी मारतात. बेसिन म्हणजे एड्स, पाय म्हणजे मृत्यू, विषय संपला. मला हे आळशी वाचन वाटतं. त्याच्या शिल्पांतलं समलैंगिकपण विषयापेक्षा हातकामात जास्त आहे.

1980च्या दशकातली त्याची बेसिनं दुकानातून आणून टांगल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात आत लाकूड आणि तारेची जाळी, वर प्लास्टर, त्यावर एनॅमल रंग. नळांच्या जागी नुसती भोकं. एड्सच्या भीतीने समलैंगिक पुरुषांचा स्पर्शच घाण ठरत होता, त्या दिवसांत हात धुता न येणारं बेसिन! तयार बेसिन लावलं असतं तर दुकानातली मुतारीच कलाकृती म्हणून मांडणाऱ्या मार्सेल द्यूशाँचा तो जुना विनोद झाला असता. 1986-87मध्ये दोन बेसिनं त्याने ओतीव लोखंडात केली (उघड्यावर प्लास्टर पाणी पिऊन भुसभुशीत होतं) आणि जमिनीत अर्धी पुरली. पाठी तेवढ्या वर. थडगी म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

मग 1989-90चा पाय. भिंतीतून जमिनीलगत बाहेर आलेला, विजार, मोजा, बूट, आणि मध्ये उघडी पडलेली नडगी. ती मधमाश्यांच्या मेणाची, केस खऱ्या माणसाचे. हे मेण 62-64 अंशांना वितळतं, पण अंगाच्या उबेलाच मऊ पडू लागतं, आणि उजेड थोडा आत घेतं. त्वचेसारखंच.

असं काम करून पाहणाऱ्यांनी जिवंत पायावर प्लास्टरचा जाड थर देऊ नये. घट्ट होताना ते भाजण्याइतकं तापतं. आधी अल्जिनेटचा (दातांचे ठसे घेतात त्या लगद्याचा) साचा घ्या आणि त्यात लगेच प्लास्टर ओता, कारण अल्जिनेट सुकताना आक्रसतं. त्या प्लास्टरच्या पायावरून, तुकड्यातुकड्यांनी सुटणारा प्लास्टर-साचा काढा आणि मेण ओतण्याआधी तो पाण्यात पुरता भिजवा. कोरड्या साच्यात मेण मुरतं, मग सुटत नाही. फार गरम ओतलं तर थंड होताना खड्डे पडतात. केस एकेक करून, गरम सुईने, खालच्या दिशेला तिरके रोवायचे. सरळ उभे रोवले की पायाचा ब्रश होतो.

1990चं धडही मेणाचंच. पिशवीसारखं ढासळलेलं, एका बाजूला पुरुषाची केसाळ छाती, दुसऱ्या बाजूला बाईचा स्तन.

1992मध्ये न्यूयॉर्कच्या दिया सेंटर या कलासंस्थेत त्याने भिंतींवर हाताने रंगवलेलं जंगल उभं केलं. उंचावर गजांच्या खिडक्या, खाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि उंदरांच्या विषाचे खोके. या वेळी मात्र बेसिनांना नळ होते, आणि पाणी वाहत होतं.