पाचच मिनिटं

आज दुपारी साडेबाराला कर्वे रोडवर एका अनोळखी मुलीवर मी जाम ओरडले. घसा अजून दुखतोय. तिथे असणाऱ्यांपैकी कुणाला "ही बाई कोण वेडी" असं वाटलं असेल, तर ती मीच.

ब्लाउज शिवायला टाकायचा होता म्हणून गेले होते. रस्त्याकडेला एक पांढरी गाडी, टळटळीत उन्हात, इंजिन बंद, आणि आत मागच्या सीटवर बीगल जातीचं कुत्रं. काचा वरून दोन बोटं उघड्या. भुंकत असतं तर मी एवढी घाबरले नसते. ते नुसतं धापत होतं, जीभ लांब बाहेर आणि टोकाला पसरट झालेली, काचेवर लाळेचे ओघळ. त्याच काचेवर पंजाच्या ठशात "डॉग मॉम" असा स्टिकर. मोबाईल ३९ डिग्री दाखवत होता. शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना विचारलं गाडी कधीपासून आहे, तर म्हणाले "माझा चहा व्हायच्या आधीपासनं." मग आम्ही दोघं दुकानादुकानात शिरून गाडीचा नंबर ओरडत फिरलो. साड्यांच्या दुकानात दुसऱ्या मजल्यावर सापडली बाईसाहेब. निवांत खाली आली, दोन्ही हातात पिशव्या, आणि मला म्हणते, "काकू चिल, पाचच मिनिटं झालीयेत, आणि काचा उघड्या आहेत की."

पाचच मिनिटं!! हे ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. कारण हे माझंच वाक्य आहे.

माझ्या लिस्टमधल्या जुन्या लोकांना आमचा बंड्या आठवत असेल. लॅब्राडोर कुत्रा, चाळीस किलोचा आळशी गोळा. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही ताम्हिणीतून दिवेआगरला निघालो होतो. घाटात त्याने दोनदा ओकून ठेवलं, कारण निघताना मीच लाडाने दूधपोळी चारली होती (प्रवासाच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं हवं हे तेव्हा कुठे माहीत होतं). माणगावला जेवायला थांबलो. हॉटेलवाला म्हणाला कुत्रं आत नको. त्याचंही बरोबर आहे, त्याचा धंदा आहे, बाकीच्या गिऱ्हाइकांना चालत नाही. मग गाडी झाडाखाली लावली, काचा चार बोटं उघड्या ठेवल्या, आणि मी त्याच्या डोक्यावर हात फिरवून म्हटलं, "बंड्या, पाचच मिनिटं हं." थाळ्या आल्या, सोलकढी आली, सासूबाईंना पोळी गरमच हवी होती, पोराला आईस्क्रीम. पस्तीस मिनिटं. बाहेर आलो तर सावली सरकून शेजारच्या ट्रकवर गेलेली.

पुढचं थोड्या वेळाने सांगते. आधी राग काढू दे.

राग त्या मुलीवर कमी आणि आपल्या "काही होत नाही हो" वर जास्त आहे. अ‍ॅक्टिवाच्या पायाखालच्या जागेत कुत्रं उभं करून सिंहगड रोडने जातात, ब्रेक दाबला की त्याचं काय होणार? काही होत नाही हो, त्याला सवय आहे. गाडीत ड्रायव्हरच्या मांडीवर बसवायचं, डोकं खिडकीबाहेर, समोरून पीएमटीची बस. काही होत नाही, त्याला वारा आवडतो. अरे आवडतोच, पोराला पण टपावर बसायला आवडेल, बसवता का? एक छातीला बांधायचा हार्नेस आणि सीटबेल्टला अडकवायचा पट्टा मिळतो, वाढदिवसाच्या केकपेक्षा स्वस्त पडतो. आणि तो पट्टा हार्नेसलाच अडकवायचा, गळ्यातल्या कॉलरला अडकवला तर ब्रेक दाबल्यावर फास बसतो.

आमच्या सोसायटीत गेल्या श्रावणात सत्यनारायण होता. एका काकांनी मोठ्या प्रेमाने प्रसादाचा शिरा आमच्या जिलबीपुढे (आमची आत्ताची कुत्री) धरला. शिऱ्यात बेदाणे. मी झडप घालून हात बाजूला केला तर काका दुखावले, "प्रसाद आहे अहो, प्रसादाने कधी काही होतं का?" आता प्रसादाला नाही कोण म्हणेल, पण काका, बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर जाईल याचा काही नेम नाही, एखाद्याला मूठभर पचते आणि एखादं चार दाण्यांनी आजारी पडतं. चॉकलेटचं आता बऱ्याच जणांना माहितीये. कांदा-लसणाचं अजून नाही, "आमच्या घरचा रस्साच खातो तो" असं कौतुकाने सांगतात. आणि शुगरफ्री च्युइंगगम, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते. ताप आला म्हणून स्वतःच्या डब्यातली गोळी देणारे तर डॉक्टरांचे पण डॉक्टर. देऊ नका रे, हात जोडते.

काका आता माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

तर माणगाव. दार उघडलं तेव्हा बंड्या सीटच्या खाली आडवा. हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ दोरीसारखी घट्ट, आणि डोळे उघडे पण मला ओळखत नव्हते. ते डोळे मी विसरूच शकत नाही. नवरा उचलायला गेला तर मान लुळी. मी सुन्न उभी. आणि मागून हॉटेलात भांडी घासणारा एक पोरगा, पंधरा-सोळाचा असेल, भांड्यांवर पाणी मारायचा पाइप ओढत पळत आला. कुणाला काही विचारलं नाही. पोटावर, काखेत, मांड्यांच्या आत सरळ पाणी सोडलं. मी ओला टॉवेल पांघरला तर तो काढून फेकून दिला, "ताई, असं नका झाकू, आत वाफ कोंडते. आमच्या म्हशीला पण असंच झालेलं." नवऱ्याला म्हणाला पुठ्ठ्याने वारा घाला. मग एका ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी भरून गाडीत ठेवलं, "वाटेत ओतत रहा, काचा उघड्या ठेवा."

डॉक्टर मिळाले तेव्हा थर्मामीटरवर १०६ फॅरनहाइटच्या पुढे. कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ असतं. डॉक्टरांनी सलाईन लावत लावत मला झापलं, आणि बरोबर झापलं. म्हणाले त्याला तुमच्यासारखा अंगभर घाम येतो का? पंज्यांना थोडासा येतो, बाकी सगळा कारभार धापण्यावर. बंद गाडीतली हवाच तापली तर धापून काय थंड होणार तो? बाहेर नुसते २४ डिग्री असले, म्हणजे आपल्याकडचा डिसेंबर, तरी गाडीत दहा मिनिटांत ३४ होतात आणि अर्ध्या तासात ४३. काच चार बोटं उघडी ठेवल्याने फक्त तुमच्या मनाचं समाधान. पग, बुलडॉग, शित्झू असता ना, ज्यांना नाकच नाही, तर एवढा वेळही मिळाला नसता म्हणाले.

त्यांनी अजून एक सांगितलं. तो आत्ता उठून बसला म्हणून गावाला निघू नका, कारण आतली गडबड एक-दोन दिवसांनीही होते, रक्त गोठत नाही, किडनी बसते. तीन दिवस माणगावात लॉजवर राहिलो. समुद्र पाहिलाच नाही.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "मग काय कुत्र्याला घेऊन जाऊच नये का कुठे?" न्या की! आम्ही नंतर बंड्याला महाबळेश्वरला, कोल्हापूरला नेलं. फक्त जेवायला दोन पाळ्या, एक जण कुत्र्याबरोबर सावलीत बाहेर. निघताना लसींचं कार्ड, त्याचं पाणी त्याचं भांडं, पट्ट्याला फोन नंबर कोरलेली चकती. ट्रेनने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तरी घ्या नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, थ्री टिअरमध्ये लपवून नेण्याचे उद्योग नकोत. आणि मे महिन्यात नाहीच नेलं तर आकाश कोसळत नाही. घरी ठेवा, कुणाला तरी राहायला बोलवा. पैसे लागतात, मान्य. पण कुत्रं आणतानाच ते धरायचे असतात ना हिशोबात.

हां, आणि एसी चालू ठेवून कुणी आत बसलं असेल तर ठीक आहे, त्याला मी काही म्हणत नाही. नुसता एसी चालू ठेवून जाण्यावर माझा भरवसा नाही. इंजिन बंद पडतं.

घरी तरी आपण कुठे शहाणे आहोत? दुपारी अकराला कुत्रं फिरवणारी माणसं बघते मी डीपी रोडला, स्वतःच्या पायात भारीतले बूट. आपला उलटा तळहात डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, ठेवता आला तर न्या. तळजाईवरून, वेताळ टेकडीवरून आलं की कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे. दोन मिनिटांचं काम, पण आमची जिलबी गेल्या पावसाळ्यात टिक फिव्हरने आठवडाभर जेवली नव्हती कारण मी "उद्या बघू" म्हटलं होतं. म्हणजे माणगावनंतरही अक्कल पूर्ण आलेली नाहीच.

म्हणूनच बहुतेक आज एवढं ओरडले. अर्धं स्वतःवर.

कारण पुढे काय झालं सांगते. मी ओरडत होते, माणसं जमली, दोघं-तिघं व्हिडिओ काढायला लागले (पाणी आणायला कुणीही गेलं नाही), आणि त्या मुलीने गाडीचं दार उघडलं. आतली गरम हवा तिच्या तोंडावर आली. तिचा चेहराच बदलला. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि पिशव्या तिथेच रस्त्यावर टाकून त्याला उचलून सावलीत धावली. मग तिचे हात जे थरथरायला लागले. मी मघाशी केवढं काय काय बोलले होते तिला, "लायकी नाही" पर्यंत. ते जास्तच झालं.

मी माझ्या डिकीतून पातेलं काढलं. तेच, माणगावचं. त्या गडबडीत परत द्यायचं राहिलं, पुढच्या वर्षी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो तर तो पोरगा काम सोडून गेला होता, मालकाला नाव पण नीट सांगता येईना. तेव्हापासून गाडीतच असतं. बंड्या २०२२ मध्ये म्हातारपणाने गेला, घरी, पंख्याखाली, त्याची बाकीची भांडी वाटून टाकली, पातेलं ठेवलं. वॉचमनकाकांनी बाटलीभर पाणी आणलं, आम्ही बीगलच्या पोटावर, पायांवर ओतलं, मग त्याला थोडं थोडं प्यायला दिलं. दहा मिनिटांनी शेपूट हलली. ती मुलगी रडत होती. मी तिला म्हटलं, आत्ता सरळ डॉक्टरकडे जा, बरा दिसतोय म्हणून घरी नेऊ नकोस, काचा उघड्या ठेव आणि पाणी ओतत रहा वाटेत. पातेलं भरून तिच्या गाडीत ठेवलं.

आत्ता हे लिहिताना लक्षात आलं, ना तिचा नंबर घेतला ना नाव विचारलं. पातेलं तिच्याकडेच राहिलं.