आधी उशी, मग बाकीचं घर

मुलगा सकाळी उठला की ओळीने आठ-दहा शिंका. डोळे चोळून चोळून लाल. दोन वर्षं आम्ही त्याला 'सर्दी' म्हणत राहिलो, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी तपासणीत डस्ट माइटची, म्हणजे धुळीत आणि गादी-उशीत राहणाऱ्या बारीक जिवांची, अ‍ॅलर्जी निघाली.

मी लगेच हवा शुद्ध करणारं यंत्र आणून हॉलमध्ये ठेवलं. काडीचा फरक पडला नाही. कारण नंतर कळलं. हे माइट जेमतेम पाव मिलिमीटरचे. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतात, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ते कण जड असतात. गादी झटकली की उडतात, थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. यंत्रापर्यंत पोचणार कधी? पोरगं मात्र रोज नऊ तास त्याच उशीत नाक खुपसून झोपतं. (मांजराच्या अ‍ॅलर्जीचं वेगळं. ते कण बारीक, तासन्‌तास तरंगणारे. तिथे यंत्राचा उपयोग होऊ शकतो.)

म्हणून माझं ठाम मत आहे, पैसा आणि कष्ट आधी अंथरुणावर घाला. गादी-उशीला घट्ट विणीच्या, चेनच्या खोळी. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, कारण गार पाण्यात बरेच माइट जगतात. पण नुसत्या खोळींवर विसंबू नका. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दमा असलेल्या प्रौढांचा मोठा अभ्यास आला होता. एकट्या खोळींनी त्यांचा दमा आटोक्यात आला नव्हता. ओलही हटवावी लागते. माइट पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषतात. आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. झोपायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालणं आम्ही त्याच दिवशी बंद केलं.

आणि कृपा करून, ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्याच हातात झाडू देऊ नका. कोरडं झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करा. "एवढं काय नाजूक!" हे वाक्य तर घरातून हद्दपारच व्हायला हवं. श्वासाचा त्रास कुणी हौसेने ओढवून घेत नाही.

राहिला त्याचा कापडी ससा. तो टाकून द्यायला माझं मन झालं नाही. आता दर शनिवारी ससा पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये जातो, त्याने माइट मरतात. रविवारी धुतो, कारण मेलेल्यांचे अवशेषही त्रास देतात. वाळेपर्यंत मुलगा दोरीखाली उभा असतो.