मडगार्ड मागितलं म्हणून हसला!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक होणार आहे. ज्यांना सायकलीत रस नाही त्यांनी पुढे सरका.

भाच्याला सायकल घ्यायला गेलो होतो. पोरगा नुकताच आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत लागलाय, राहतो म्हसरूळला. म्हणजे रामवाडीचा पूल, अशोकस्तंभ, मग त्र्यंबक रोड धरून सरळ. जायचे दहा-बारा किलोमीटर अन् तेवढेच यायचे, तेही रोज. बजेट चाळीस हजार, फार ताणलं तर पंचेचाळीस. आणि हट्ट असा की रोड बाईकच पाहिजे, वाकड्या हँडलची. म्हणलं घे बाबा, तुझा पगार आहे.

तर दुकानातल्या त्या पोराने काय करावं, एक सायकल दोन बोटांवर उचलली आणि म्हणाला, "सर, वजन बघा फक्त!" मी म्हणलं वजन राहू दे, हिला मडगार्ड बसतं का? कॅरिअर बसतं का? तर हसला राव. तोंडावर हसला. "रोड बाईकला मडगार्ड? दूध घालायचंय का सर?" आणि वर ऐकवतो, "महाजन बंधूंच्या गावात असं विचारताय!"

अरे, महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला रेस ॲक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली तेव्हा अख्ख्या नाशिकची छाती फुगली होती, माझी पण फुगली होती. जवळपास ४,८०० किलोमीटर, गंमत आहे का? पण त्यांच्या मागे सपोर्टची गाडी होती ना. पाणी, खाणं, जादा चाकं सगळं गाडीत. माझ्या भाच्याच्या मागे काय असणारे? शहर बस, हॉर्न वाजवत.

आणि त्याच्या पाठीवर लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, बदलायचा शर्ट. पाच-सहा किलो सहज होतात. एवढं ओझं घेऊन बसणाऱ्या माणसाला तुम्ही सायकल एक किलो हलकी म्हणून दहा हजार जास्त मागताय? एप्रिलमध्ये सॅक घालून आयटीआय सिग्नलपर्यंत चालवून दाखवा, पाठीला शर्ट चिकटतो तो संध्याकाळपर्यंत सुटत नाही. कॅरिअर लागतंच. आणि त्याचं सगळं गणित फ्रेमवरच्या बारक्या भोकांत असतं, मागच्या चाकाच्या नटाजवळ दोन्ही बाजूंना आणि वर सीटखाली, आत आटे पाडलेले. दुकानात गेल्यावर गिअर, रंग बघायच्या आधी खाली वाका आणि ती भोकं शोधा. ती नसली की मग क्लॅम्पचा जुगाड, आणि तो प्रत्येक स्पीडब्रेकरला खडखडणार. हा मुलगा दोन बोटांवर सायकल नाचवत होता ना, त्या सायकलला एकही भोक नव्हतं! मी वाकून बघितलं तर परत हसला.

टायरचं तेच. २५ एमएमचे टायर, नव्वद-शंभर पीएसआय हवा. कुठल्या रस्त्यावर चालवायचे? २०२७ च्या सिंहस्थासाठी गाव खणून ठेवलंय, कालचा रस्ता आज सापडत नाही, वर खडी. २८ चे तरी पाहिजेत, आणि फ्रेममध्ये ३२ ची जागा असली तर सोन्याहून पिवळं, हवा थोडी कमी ठेवता येते, मनगटं वाचतात. हो, २५ चा टायर गुळगुळीत डांबरावर भारी पळतो. मान्य. गुळगुळीत डांबर दाखवा.

गिअरवरून तर वादच नको. शिमानो कंपनीचे गिअर सेट असतात, त्यात क्लॅरिसला मागे ८ चकत्या, सोराला ९, टियाग्राला १०. सोरा जास्त मऊ पडतो, हेही मान्य. पण म्हसरूळ ते सातपूर काय कसारा घाट आहे? ८ वाला घ्या, त्याची चेन स्वस्त मिळते, साध्या दुकानात पण मिळते, आणि त्यात वाचलेले पैसे ब्रेकवर घाला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रिम भिजलेलीच असते, रिमब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं आणि मग सायकल थांबते, तोवर तुम्ही रिक्षाच्या मागच्या सीटवर. डिस्कच बरा, तारेवरचा चालेल. किंचाळतो कधीकधी, पण थांबतो.

बरं, भाच्याचं तोंड मात्र बघवत नव्हतं. त्या दोन बोटांवाल्या सायकलच्या हँडलला त्याने असा हात लावला ना, खालच्या वळणावर, हळूच, अंगठा टेपवरून फिरवत. मी गप्प झालो. चोवीस वर्षांचं पोर आहे, पहिली कमाई, त्याला वेगात जायचंय, आणि मामा बाजूला मडगार्ड मडगार्ड करतोय. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा सुटायचा. काळी, जड, चेनकव्हर, डायनॅमो, कॅरिअरला डबा. कुणी वजन विचारलं नसेल. पण त्यांना निवड तरी कुठे होती, हेही खरंय. देखणी सायकल असली तर पोरगं रोज काढेल, नाहीतर आठवड्यात बाईकची किल्ली घेईल. ते मला कळतं.

पण म्हणून देखणी आणि कामाची एकत्र बनत नाही का? बनते. दुकानात ठेवत नाहीत, कारण विकणाऱ्याला वाटतं रोड बाईक घेणारा म्हणजे रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन फोटो टाकणारा. सोमवारी कामावर जाणारं गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यातच नाही. आणि कंपन्यांचं तर विचारूच नका, भाच्याच्या इथे सायकल लावायची जागा भंगाराच्या शेजारी, छप्पर नाही. चाळीस हजारांची वस्तू पावसात. चांगलं कुलूप पण बजेटमध्ये धरा मग. सप्टेंबर २०२५ ला सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यात वाचतात ते पैसे कुलूप, पुढचा-मागचा लाईट आणि एक पंप यातच जाऊ द्या. आणि व्हॉल्व्ह बघा! बारीक तोंडाचा प्रेस्टा असला तर पंक्चरवाल्याचा पाईप बसतच नाही. नखाएवढं पितळी ॲडॉप्टर मिळतं, ते किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

रविवारी दुसऱ्या दुकानात जाणार आहोत. दरम्यान पाच फूट सहा इंचाच्या पोराला बसेल अशी, मागे भोकं असलेली सेकंडहँड कुणाकडे असेल तर सांगा. लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या सायकलींवर बाल्कनीत टॉवेल वाळत घालणाऱ्यांनी तर आधी सांगा, मला तुमची नावं माहितीयेत.