वृद्धांना पलंगावर डांबून ठेवल्याने पडणे टळत नाही

घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये एक संदेश पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : म्हातारपणी एकदा पडलेले माणूस पुन्हा उठत नाही, म्हणून तोल जाऊ लागला की त्याला पलंगावरच ठेवावे, पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावावेत, तरीही ते उठू पाहत असेल तर मनगटे मऊ कापडाने बांधावीत, रात्री झोपेची गोळी द्यावी आणि संध्याकाळनंतर पाणी बंद करावे, म्हणजे रात्री शौचालयात जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही आणि त्यांची भीतीही खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि असे जीवघेणे पडणे साठीपुढच्या वयात सर्वाधिक आढळते. आक्षेप आहे तो उपायांवर, कारण यातला जवळजवळ प्रत्येक उपाय पडण्याचा धोका कमी करण्याऐवजी वाढवतो.

पहिला मुद्दा पलंगाचा. पडून राहिल्याने शरीर जपले जाते ही समजूत किती चुकीची आहे, हे अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगातून दिसले. त्यात निरोगी, चालत्या-फिरत्या वृद्धांना १० दिवस पलंगावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील जवळपास १ किलो स्नायूभार घटला आणि गुडघा ताठ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. ही धडधाकट माणसांची स्थिती असेल, तर आजाराने आधीच खंगलेल्या माणसाचे काय होत असेल, हे सांगायला नको. त्यातच, सतत आडवे राहिलेल्या शरीराची उभे राहताना रक्तदाब सावरण्याची सवय मोडते, त्यामुळे उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. माकडहाडावर आणि टाचांवर दाब राहून जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. माणूस कायमचा पलंगावर राहील असे गृहीत धरले तरच या सल्ल्याला अर्थ आहे. प्रत्यक्षात तो कधीतरी उठतोच, आणि तेव्हा त्याचे पाय पूर्वीपेक्षा दुबळे झालेले असतात.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. ज्या दुखापतीची सर्वांना धास्ती असते, त्या खुब्याच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतरही रुग्णाला शक्यतो दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करण्याचा प्रयत्न केला जातो. मग हाड न मोडलेल्या माणसाला झोपवून ठेवण्याचे समर्थन कसे करायचे? व्यायामाविषयीचा पुरावाही याच दिशेचा आहे. स्वतःच्या घरी राहणाऱ्या २३,००० हून अधिक वृद्धांवरील १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि सर्वांत भक्कम पुरावा होता तो तोल सांभाळण्याच्या व रोजच्या हालचालींवर बेतलेल्या व्यायामाचा, म्हणजे खुर्चीतून उठणे-बसणे, एका पायावर भार तोलणे अशा साध्या गोष्टींचा. अतिशय अशक्त माणसाला हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच द्यावेत, हे अर्थातच खरे.

दुसरा मुद्दा कठड्यांचा आणि बांधण्याचा. संदेशातला सर्वांत धोकादायक भाग हाच. गोंधळलेल्या माणसाला कठडा म्हणजे ओलांडायचा अडथळा वाटतो आणि तो वरून पलीकडे जाऊ पाहतो, त्यामुळे गादीच्या उंचीवरून पडण्याऐवजी तो कठड्याच्या उंचीवरून पडतो. याहून भयंकर प्रकार म्हणजे गादी आणि कठडा यांच्या फटीत मान किंवा छाती अडकणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ या काळात रुग्ण अशा प्रकारे पलंगात अडकल्याच्या ८०३ घटना नोंदवल्या गेल्या. त्यांपैकी ४८० जणांचा मृत्यू झाला, आणि यातले बहुतेक रुग्ण दुर्बल, वृद्ध किंवा गोंधळलेले होते.

बांधण्याबाबत तर अनुभव फारच स्पष्ट आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील, म्हणजे वृद्धांना व दुर्बलांना दीर्घकाळ सांभाळणाऱ्या निवासी संस्थांतील, रहिवाशांना सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून बांधले जाऊ नये, असा हक्क दिला. तेव्हा बंधने काढली तर माणसे धडाधड पडू लागतील, अशी भीती व्यक्त झाली होती. त्यानंतर १६ शुश्रूषागृहांत झालेल्या एका अभ्यासात बांधलेल्यांचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आणले गेले, आणि गंभीर दुखापतींचे प्रमाण वाढण्याऐवजी कमी झाले.

मग वारंवार उठणाऱ्या माणसाचे करायचे काय? आधी तो का उठतो हे शोधायचे. लघवीची घाई, बद्धकोष्ठता, सांगता न येणारी वेदना, भूक, अनोळखी जागेची भीती, यांपैकी काहीतरी बहुधा सापडते; आणि माणूस एकाएकी बरळू लागला असेल, तर तो संसर्गाचा किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. पलंग जमिनीलगत आणावा, शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा, चष्मा आणि वॉकर हाताशी असावेत, आणि ठरावीक वेळांना आपणच त्यांना शौचालयात न्यावे. यात शुश्रूषा करणाऱ्याचे श्रम वाढतात, हे मान्यच करायला हवे. बांधण्याचा मोह होतो तो बहुतेकदा या थकव्यातूनच.

तिसरा मुद्दा झोपेच्या गोळीचा. साठीपुढच्या लोकांना दिलेल्या झोपेच्या औषधांवरील चाचण्यांचा २००५ साली आढावा घेतला गेला, तेव्हा असे आढळले की १३ जणांना गोळी दिल्यावर एकाची झोप सुधारते, तर दर ६ जणांमागे एकाला दुष्परिणाम भोगावा लागतो. गोळीने रात्रीची जाग पूर्णपणे थांबत नाही. अर्धवट गुंगीत उठणारा माणूस मात्र जास्त अडखळतो. तरीही वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी हा लेख वाचून एकदम बंद करू नये, कारण त्यातून आकडीचे झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू मात्रा उतरवावी.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. शरीरातले पाणी कमी झाले की उभे राहताना रक्तदाब उतरतो, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मनाचा गोंधळ यांना वाव मिळतो, म्हणजे पडण्याची तयारीच होते. दिवसभराचे पाणी सकाळ-दुपारकडे वळवावे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्याची मर्यादा घालून दिली असेल, तर ती अर्थातच पाळावी.

राहिले ते पहिले वाक्य, की पडलेले माणूस पुन्हा उठत नाही. बरीच माणसे पडूनही उठतात आणि पूर्ववत वावरतात. परंतु हे वाक्य सतत कानी पडल्यामुळे अनेक वृद्ध आपण पडलो हे घरच्यांपासून लपवतात, आणि हे लपवणे महागात पडते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला असेल, तर वरकरणी काही दिसत नसले तरी तातडीने तपासणी करून घ्यावी लागते. दुखापत झालेली नसतानाही प्रत्येक पडण्याची नोंद ठेवावी : वेळ कोणती होती, जागा कोणती, माणूस नेमके काय करत होता, त्याआधी कोणते औषध घेतले होते. अशा दोन-तीन नोंदी पाहूनच डॉक्टरांना किंवा परिचारिकेला कळू शकते, की दोष रक्तदाबाच्या गोळीचा आहे, मोतीबिंदूचा आहे, की न्हाणीघरातल्या ओल्या फरशीचा.