13 तास 34 मिनिटं म्हणे!

इंदूर ते टोरांटो, अंतर 12,217 किलोमीटर, विमानाने 13 तास 34 मिनिटं. मोबाइलवर एवढं वाचून आमच्या आत्याने अख्ख्या रामबागेत जाहीर करून टाकलं, की पोरगं रात्री जेवून बसेल ते सकाळी चहाला कॅनडात.

अरे, पण इंदूरहून टोरांटोला थेट विमान आहे कुठे? मग हा वेळ मोजला कुणी? कुणीच नाही! पृथ्वीच्या गोळ्यावर दोन गावांमध्ये दोरा ताणायचा, त्याला ताशी 900 ने भागायचं, झालं काम. चौथीतलं पोर करेल हे गणित. जातानाचा वेळ तोच, येतानाचाही तोच. वारा समोरून आहे की मागून, याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि वर ती 34 मिनिटं! तासांचं एक वेळ चालवून घेऊ, पण मिनिटासकट थाप मारायला जिगर लागते, भिया. माझी 34 मिनिटं तर दिल्लीत बेल्ट-बूट काढून ट्रे शोधण्यातच गेली.

बरं, तो दोरा जातो कुठून? राजस्थानवरून पाकिस्तान, अफगाणिस्तान, मग रशिया ओलांडून थेट आर्क्टिकवर. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, हे त्या दोऱ्याला कोण सांगणार? माझं विमान आधी अरबी समुद्राकडे वळलं, मग युरोपात इंधन भरायला थांबलं. तिथे दोन तास नुसतं खुर्चीत बसून राहायचं. पाय सुजून खांब झालेले, शेजारचा घोरतोय आणि खिडकीबाहेर एक टँकर.

हिशेब ऐका. संध्याकाळी 5 ला घर सोडलं. साडेसातचं दिल्लीचं विमान, 9 ला दिल्ली. तिथे पाच तास रखडलो, त्यातच इमिग्रेशनची रांग. रात्री 2 ला सुटलो. नऊ तास हवेत, दोन तास जमिनीवर, पुन्हा साडेनऊ तास हवेत. मग तिथली इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट (दोन किलो लौंग सेव सुखरूप, तेवढंच सुख), ताईच्या घरापर्यंतचा ट्रॅफिक. घरात पाय टाकला तेव्हा इंदूरच्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे साडेबारा. साडेएकतीस तास!

पोचल्यावर आत्याला फोन केला. म्हटलं, अंगाचं भरीत झालंय, नंतर बोलतो. तर तिच्या हातात माझ्या तिकिटाची झेरॉक्स. रात्री 2 ला सुटणार, दुपारी 1 ला पोचणार, असं छापलेलं. म्हणजे तिथली दुपार, आपल्याहून साडेनऊ तास मागची. पण हे तिला कोण समजावणार?

"दोनला बसलास, एकला उतरलास," आत्या म्हणाली. "अकराच तर तास! मोबाइलवाल्यापेक्षाही लवकर पोचलास की रे. मग दमलास कशाने?"